साडेतेरा षटकं

धावफलकात गोलंदाजाच्या नावापुढे चार आकडे छापतात: षटकं, निर्धाव षटकं, धावा आणि बळी. सामना संपला की यातले बहुतेक आकडे विसरले जातात आणि त्यात वावगं काही नाही. एखादी ओळ मात्र अशी निघते की ती पुन्हा पुन्हा काढून वाचावीशी वाटते. 21 जुलै 2011 रोजी लॉर्ड्सवर सुरू झालेल्या कसोटीतली ही ओळ माझ्यासाठी तशी आहे: झहीर खान, 13.3-8-18-2.

ही ओळ सावकाश वाचावी. तेरा पूर्ण षटकांपैकी आठ निर्धाव. धावा निघाल्या त्या उरलेल्या साडेपाच षटकांत, आणि त्याही सगळ्या मिळून अठरा. बळी दोन, पण कोणाचे? ॲलिस्टर कुक पायचीत, अँड्र्यू स्ट्राउस हूक मारायला जाऊन झेलबाद. इंग्लंडचे दोन्ही डावखुरे सलामीवीर. आता पहिल्या आकड्याकडे परत यावं. टिंबानंतर तीन आहे. डाव संपला म्हणून षटक अर्धवट राहिलं म्हणावं, तर डाव पुढे चालूच राहिला आणि इंग्लंडने तो 8 बाद 474 वर घोषित केला. चौदाव्या षटकाचे तीन चेंडू टाकून झहीर थांबला. मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, धरला होता. त्या दौऱ्यातल्या कसोटींत त्याने पुन्हा चेंडू हातात घेतला नाही.

मला या साडेतेरा षटकांत एका संघाचा अख्खा मोसम दिसतो. आणि त्याहून जास्त ओढ लावणारी गोष्ट म्हणजे, त्या षटकांतली सगळी कारागिरी ज्या शरीराने शिकवली, तेच शरीर तिथे तुटलं. झहीरच्या गोलंदाजीचं सौंदर्य आणि त्याच्या दुखापती यांना वेगळं करून पाहता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो धडधाकट राहिला असता तर कदाचित त्याने अधिक बळी मिळवले असते, पण हा गोलंदाज झाला नसता.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एका दुखापतीने मोसम बिघडण्याची चर्चा रोजची. तिथे मोसमात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. सामन्याची सुरुवात करणारे मुख्य पिचर साधारण पाच. आज एकाने चेंडू फेकले की पुढचे चार दिवस त्याचा हात विश्रांतीत, आणि पाळी दुसऱ्याची. या पाचांतल्या एकाचं कोपर किंवा खांदा गेला की सगळा हिशेब बिघडतो. मग जुलैअखेरच्या सुमाराला अदलाबदलीची मुदत संपायच्या आत दुसऱ्या संघाकडून पिचर आणायचा आणि बदल्यात आपली होतकरू पोरं द्यायची. 2008 च्या जुलैत मिलवॉकीने क्लीव्हलँडकडून सीसी सबाथिया नावाचा धिप्पाड डावखुरा पिचर आणला. उरलेल्या मोसमात त्याच्या नावावर 11 विजय लागले, पराभव फक्त 2. शेवटी शेवटी तर तो तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरत राहिला. मिलवॉकी 1982 नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचलं. एका हाताने मोसम फिरवला म्हणतात तो असा.

तिथे ऐन सामन्यात पिचर दुखावला तरी बाजूच्या बुलपेनमध्ये दुसरा हात मोकळा करून तयार असतो. कसोटी क्रिकेटमध्ये यातलं काहीच नाही. स्नायू दुखावलेल्या गोलंदाजाच्या जागी आलेला बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, चेंडू टाकू शकत नाही. आणि देशाच्या संघाला शेजारच्या देशाकडून गोलंदाज मागून आणता येत नाही. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही: ज्या लाइनवर ते काम करणारं एकच मशीन आहे, ते बंद पडलं की मागचं साचतं आणि पुढचं थांबतं.

नागापूरचा उल्लेख उगाच केलेला नाही. इथून जाणारा नगर-मनमाड रस्ता विळद घाट ओलांडून राहुरीकडे जातो, आणि राहुरीच्या पुढे उसाच्या पट्ट्यात श्रीरामपूर आहे. झहीरचा जन्म तिथला, 7 ऑक्टोबर 1978 चा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. सतराव्या वर्षी मुंबईला गेला तो इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी. वडिलांनीच त्याला वेगवान गोलंदाज व्हायला सांगितलं. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला पारखलं. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या नजरेखाली तो घडला, आणि रणजी खेळला बडोद्याकडून. नगरचं पोर, मुंबईचा क्लब, चेन्नईची तालीम, बडोद्याची टोपी. एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर रविवारी टेनिस बॉलने खेळणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना हा प्रवास सांगावा असा आहे, कारण वेगवान गोलंदाजाला पहिल्यापासूनच आपलं गाव सोडून हात घेऊन फिरावं लागतं हे त्यात दिसतं.

2000 सालच्या ऑक्टोबरात नैरोबीला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करने उडवला. त्या दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली होती. तेव्हाची त्याची गोलंदाजी आठवून पाहा. लांब धाव, क्रीजजवळ उंच उडी, हवेत असतानाच अंग पिळून घेतलेलं, आणि मग ताडकन सुटलेला चेंडू. ती उडी पाहायला देखणी होती. पण उडी जितकी उंच तितकं पुढचं पाऊल जोरात आपटतं. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावर येतो, तो पाय ताठ राहतो आणि वरचं अंग त्याच्यावरून पुढे झेपावतं. मांडी, घोटा, कंबर, खांदा या सगळ्यांना या एका क्षणाची किंमत मोजावी लागते. 2003 च्या विश्वचषकात 18 बळी मिळवणारा हाच तरुण जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात उत्साहात हरवला: 7-0-67-0. ही ओळही लक्षात ठेवावी, तिचा जोडीदार पुढे वानखेडेवर भेटतो.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिस्बेनला त्याने ऑस्ट्रेलियाचे 95 धावांत 5 बळी घेतले आणि हॅमस्ट्रिंगने दगा दिला. ॲडलेडच्या कसोटीत तो नव्हता. तिथे अजित आगरकरने 41 धावांत 6 बळी घेऊन सामना फिरवला आणि भारताने ऑस्ट्रेलियात दोन दशकांनी कसोटी जिंकली. म्हणजे पोकळी भरली जाऊ शकते. पण तिची हमी नसते. त्याच मालिकेत मेलबर्नला परतलेला झहीर सिडनीला पुन्हा बाहेर होता.

मग 2006. संघातून वगळलेला झहीर इंग्लंडमध्ये वुस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात सुंदर मोसम, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला. त्याने 78 बळी घेतले. पदार्पणाच्या सामन्यातच दहा. एसेक्सविरुद्ध एका डावात 138 धावांत 9. संघ दुसऱ्या विभागातून वर चढला. पण आकड्यांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे रोज गोलंदाजी करण्याची सक्ती. कौंटीत आठवडाभर खेळायचं, बसने दुसऱ्या गावी जायचं, पुन्हा खेळायचं. तिथे दर चेंडूला जीव ओतणारा टिकत नाही. झहीरने धाव आखूड केली. उडी आटोक्यात आणली. वेग थोडा गेला आणि त्या बदल्यात मनगट, शिवण आणि टप्पा त्याच्या ताब्यात आले.

बेसबॉलमध्ये याच जातीची एक गोष्ट आहे. 1974 मध्ये लॉस एंजेलिसच्या टॉमी जॉनचं कोपर निकामी झालं. डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातला कंडरा काढून त्या कोपरात बसवला. 1975 चं साल पूर्ण वाया गेलं. 1976 ला जॉन परतला आणि 1989 पर्यंत खेळत राहिला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. झहीरच्या बाबतीत 2006 ला सर्जन कोणी नव्हता. त्याने आपली दुरुस्ती स्वतः केली, वुस्टरच्या हिरवळीवर, षटकामागून षटक टाकत.

त्याचं फळ 2007 मध्ये दिसलं. आधी फेब्रुवारीत मुंबईला. बडोद्याहून मुंबईकडे आलेला झहीर रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून पहिल्यांदा उतरला, बंगालविरुद्ध, आणि त्याने नऊ बळी घेऊन करंडक मिळवून दिला. ऐन अंतिम सामन्याला हात आणायचा तो असा. मग जुलैत ट्रेंट ब्रिज. सामन्यात पुन्हा नऊ बळी. भारताने सामना जिंकला आणि मालिकाही, इंग्लंडमध्ये 21 वर्षांनी. भारताच्या पहिल्या डावात त्याच्या फलंदाजीच्या वेळी खेळपट्टीवर कोणीतरी जेली बीन्स टाकल्या होत्या आणि तो बॅट उगारून चिडला, एवढंच लोक सांगतात. पण त्या सामन्यात पाहण्यासारखं होतं ते त्याचं अराउंड द विकेट येणं. डावखुऱ्या कुक आणि स्ट्राउसला तो यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने येऊन टाकू लागला. कोन एका दिशेचा, स्विंग दुसऱ्या दिशेचा. आत येणारा चेंडू कधी सरळ राहील आणि कधी बाहेर जाईल हे फलंदाजाला टप्प्यानंतरच कळायचं, तेव्हा उशीर झालेला असायचा. चार वर्षांनी लॉर्ड्सवर जे दोघे पुन्हा त्याचेच बळी ठरले त्यांची नाडी त्याने इथेच ओळखली होती.

जुन्या चेंडूने रिव्हर्स स्विंग करताना तो धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा. चकाकी कोणत्या बाजूला आहे हे शेवटपर्यंत दिसू द्यायचं नाही. जेम्स अँडरसनने ही युक्ती झहीरकडे पाहून उचलल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या स्विंग गोलंदाजाने श्रीरामपूरच्या माणसाकडून काही घ्यावं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

आता सौद्यांकडे वळू. आयपीएलचा दुसरा मोसम 2009 चा. त्याआधी बंगळूरने झहीर मुंबईला दिला आणि मुंबईने रॉबिन उथप्पा बंगळूरला. गोलंदाजाच्या बदल्यात फलंदाज, सरळ अदलाबदल. त्याच सुमाराला मुंबईने आशिष नेहरा दिल्लीला देऊन शिखर धवन घेतला. आपल्याकडे खेळाडूंच्या अशा अदलाबदलीची ही सुरुवात होती. निकाल पाहा. ज्यांनी झहीरला सोडलं ते बंगळूर 2009 ला अंतिम फेरीत गेलं, ज्यांनी आणलं ती मुंबई आठ संघांत सातवी. त्या मोसमात त्याचा खांदा दुखावला आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्या वर्षी खांदा सावरला तेव्हा मुंबई साखळीत अव्वल आली आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचली. 2011 च्या लिलावात तो पुन्हा बंगळूरकडे गेला, आणि बंगळूर त्या वर्षी अंतिम फेरीत होतं. तीन सलग मोसमांचे हे निकाल काही सिद्ध करत नाहीत, वीस षटकांच्या खेळात इतर दहा जण असतातच. तरी एक गोष्ट त्यात स्वच्छ दिसते. सौदा करणारा नाव विकत घेतो, पण हातात पडतो तो त्या वर्षीचा खांदा. करारपत्रावर नाव तेच असतं. खांदा दर मोसमाला वेगळा असतो.

देशाच्या संघाला तर सौद्याची सोयच नाही. 2010 च्या डिसेंबरातली दक्षिण आफ्रिकेची मालिका याचा सर्वांत स्पष्ट पुरावा. सेंच्युरियनला झहीर हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर. त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा जयदेव उनाडकट पदार्पणाला. भारत डावाने हरला. आठवडाभराने डरबानला झहीर परतला. पहिल्या डावात 36 धावांत 3, दुसऱ्यात 57 धावांत 3. दक्षिण आफ्रिका 131 मध्ये गारद, भारत 87 धावांनी विजयी. बाकीच्या दहांतले बहुतेक तेच. लक्ष्मणच्या 96 धावा आणि हरभजनचे पहिल्या डावातले 10 धावांतले 4 बळी नसते तर हे झालं नसतं, हे खरं. पण हरभजनला ज्या मधल्या फळीवर टाकायला मिळालं ती फळी उघडी कोणी केली? ग्रॅम स्मिथ झहीरचं कायमचं गिऱ्हाईक होतं. स्मिथसारखा फलंदाज पहिल्या तासात गेला की मागच्या प्रत्येकाला दहा षटकं आधी मैदानात यावं लागतं. प्रमुख गोलंदाजाचे बळी असे इतरांच्या खात्यातही उतरतात.

2011 चा विश्वचषक ही या रसग्रहणातली सगळ्यात श्रीमंत जागा, म्हणून इथे जरा रेंगाळतो. त्याने 21 बळी घेतले, शाहीद आफ्रिदीइतकेच, स्पर्धेत सर्वाधिक. पण मला बोलायचंय ते नकल बॉलवर. हा चेंडू मूळचा बेसबॉलचा. पिचर चेंडू बोटांच्या टोकांनी आणि पेरांनी धरून सोडतो, त्यामुळे तो फिरतच नाही. न फिरणाऱ्या चेंडूच्या शिवणीला हवा लागते आणि तो हेलकावे खात जातो. याला जोर लागत नाही, म्हणून तो टाकणारे पिचर म्हातारपणापर्यंत टिकतात. त्याच 2011 साली बोस्टनच्या टिम वेकफिल्डने वयाच्या 45 व्या वर्षी आपला 200 वा विजय मिळवला, तो याच चेंडूच्या भरवशावर. झहीरने तर्जनी आणि मधलं बोट दुमडून, पेरांवर चेंडू टेकवून तो टाकायला घेतला. हात फिरतो त्याच वेगाने, चेंडू मात्र मागे राहतो. फलंदाज हात पाहून खेळतो आणि चेंडू अजून वाटेतच असतो.

अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात मायकेल हसीचा त्रिफळा या चेंडूने उडाला. हसीसारखा सावध फलंदाज, ज्याला फसवणं फार अवघड. त्याआधी चेन्नईत वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ 81 वर जमलेला असताना झहीरच्या हळू चेंडूने त्रिफळाचीत झाला. 2 बाद 154 वरून वेस्ट इंडिज 188 मध्ये संपलं. आणि बंगळूरचा तो बरोबरीत सुटलेला सामना. इंग्लंड 339 धावांचा पाठलाग करत 2 बाद 280 च्या आसपास, स्ट्राउस 158 वर. झहीरने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि स्ट्राउसला परत पाठवलं, पुढच्या षटकात कॉलिंगवूडचा त्रिफळा. स्ट्राउसला पडलेला चेंडू यॉर्कर होता, नैरोबीच्या पोराचा यॉर्कर, पण आता तो कधी काढायचा हे त्याला माहीत होतं.

वेगाची जागा अशी दुसऱ्या गोष्टींनी भरून निघाली. घोट्याने, खांद्याने, मांडीने एकेक करून ज्या गोष्टी त्याच्याकडून काढून घेतल्या त्यांच्या जागी त्याने काय काय आणून ठेवलं याची यादी म्हणजे तो विश्वचषक.

2 एप्रिलचा अंतिम सामना वानखेडेवर. खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनी, सतरा वर्षांच्या झहीरला नॅशनल क्लबमध्ये घेणाऱ्या त्याच नाईकसरांनी. झहीरची पहिली तीन षटकं निर्धाव गेली. उपुल तरंगाला वीस चेंडूंत दोन धावा निघाल्या, आणि मग बॅटची कड, स्लिपमध्ये सेहवागचा झेप घेऊन घेतलेला झेल. पहिला स्पेल 5-3-6-1. आता जोहान्सबर्गच्या त्या 7-0-67-0 शेजारी ही ओळ ठेवा. आठ वर्षांचं अंतर आणि मध्ये वुस्टर. खरं सांगायचं तर या सामन्यात त्याच्या उरलेल्या पाच षटकांत 54 धावा गेल्या, शेवटी तिसारा परेराने त्याला झोडपलं, आणि पूर्ण आकडे 10-3-60-2 असे दिसतात. रसिकाने हेही वाचावं. पण पहिल्या पाच षटकांनी श्रीलंकेला जो वेळ गमवायला लावला तो परत मिळाला नाही, असं मी मानतो.

यानंतरची तारखांची रांग पाहा. अंतिम सामना 2 एप्रिलला. आयपीएल 8 एप्रिलला सुरू. बंगळूर अंतिम फेरीपर्यंत गेल्यामुळे 28 मेपर्यंत मोसम. मग वेस्ट इंडिजचा दौरा, त्यात झहीर नव्हता. आणि जुलैत एकदम लॉर्ड्स, दोन हजारावी कसोटी, समोर इंग्लंड, आपण कसोटीत जगात पहिले. धोनीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं ते झहीरच्या भरवशावर. तो भरवसा साडेतेरा षटकं पुरला.

पुढे जे झालं ते क्रिकेटच्या इतिहासात विरळाच. प्रवीण कुमारला, ज्याच्याकडे वेग नव्हता पण जिद्द होती, चाळीस षटकं टाकावी लागली. त्याने 106 धावांत 5 बळी घेतले, आणि त्या डावातला त्याचा घाम मला झहीरच्या कौशल्याइतकाच आदरणीय वाटतो. मग धोनीने ग्लोव्ह्ज राहुल द्रविडला देऊन स्वतः चेंडू हातात घेतला. कर्णधार-यष्टिरक्षक गोलंदाजी करतोय! त्याच्या एका चेंडूवर पीटरसनला पंचांनी झेलबाद दिलंही होतं, तो निर्णय फेरविचारात फिरला. पीटरसन नाबाद 202. भारत 196 धावांनी हरला. मालिका 4-0 ने गेली, पहिलं स्थान गेलं. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीसाठी मायामीत सुट्टीवर असलेल्या आर. पी. सिंगला बोलावून घेतलं, 2008 नंतर एकही कसोटी न खेळलेल्या माणसाला. त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. ज्याची तयारीच नव्हती त्याला ऐन पाळीला उभं केलं होतं.

4-0 ला झहीरची मांडी एकटी जबाबदार नव्हती. सेहवागचा खांदा, युवराजचं बोट, हरभजनचं पोट, गंभीरचा मार, सगळं त्याच दौऱ्यात आडवं आलं, आणि इंग्लंड अप्रतिम खेळलं. तरी पहिला दगड हलला तो तिथे. 2025 च्या जानेवारीत सिडनीला बुमराह मालिकेत 32 बळी घेऊन पाठीच्या त्रासाने दुसऱ्या डावात गोलंदाजीला उतरू शकला नाही आणि ऑस्ट्रेलियाने 162 धावांचं लक्ष्य गाठलं, तेव्हा जे हळहळले त्यांनी लॉर्ड्स पाहिलेलं असणार.

लॉर्ड्सनंतर त्याच वर्षी, 2011 ला, झहीरच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरात तो मेलबर्नला परतला आणि पहिल्याच डावात 77 धावांत 4 बळी. क्लार्कचा त्रिफळा, पुढच्याच चेंडूवर हसी झेलबाद. 2013 च्या डिसेंबरात जोहान्सबर्गला कॅलिसला पायचीत करून 300 बळी पूर्ण. सगळे मिळून 92 कसोटी, 311 बळी. चौदा वर्षांच्या कारकिर्दीला 92 हा आकडा लहान वाटतो आणि तो तसाच वाचावा: न खेळलेल्या कसोटी त्यात आहेतच.

शेवटची कसोटी 2014 च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला. न्यूझीलंड पहिल्या डावात 246 धावांनी मागे. दुसऱ्या डावात 94 ला पाच गेल्यावर मॅकलम उभा राहिला, दोन दिवसांपेक्षा जास्त. त्याचं त्रिशतक सगळ्यांना आठवतं. त्या डावातले झहीरचे आकडे 51-13-170-5 आहेत. वय पस्तीस, मांडी, घोटा आणि खांदा तिन्ही डागडुजी केलेले, सामना हातातून निसटत चाललेला, आणि एकाच डावात एक्कावन्न षटकं. मॅकलमला 302 वर अखेर बाद केलं तेही त्यानेच.